इंगोलेबाईंची दुपार

इंगोलेबाईंचं घर माझ्या कारखान्याच्या बरोबर समोर होतं. मधली गल्ली इतकी अरुंद, की त्या बाल्कनीत नुसत्या खाकरल्या तरी मला खाली कळायचं. तरीही मला काही सांगायचं असलं की त्या फोन करायच्या. मी पत्रा कापायच्या प्रेसपाशी उभा, हात ग्रीसने माखलेले आणि खिशात फोन वाजतोय. वर पाहावं तर बाई कठड्याला टेकून, कानाला फोन लावून, माझ्याकडेच पाहत असायच्या. मी उचलला की म्हणायच्या, "रामेश्वरभाऊ, इंगोले बोलते." जसं काही मला दिसतच नव्हतं.

पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. मी खालून ओरडलो, "बाई, समोरच तं उभ्या आहे तुमी! तिथूनच सांगा नं!"

त्यांनी फोन खाली घेतला नाही. फोनमध्येच शांतपणे म्हणाल्या, "इथून सांगतलं तं ते भांडन होते भाऊ. सारी गल्ली आयकते. फोनवर बोलनं होते."

बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. आधी अकोल्याला, लग्नानंतर अमरावतीला. ट्रंक कॉल लावून द्यायचा तो काळ. पुढे यंत्रं आली, ऑपरेटर गेले, बाई दुसऱ्या टेबलावर बसून निवृत्त झाल्या; पण कानाला हेडफोन लावलेली ती मान शेवटपर्यंत किंचित डावीकडे कललेली राहिली. त्यांना दोन आवाज होते. एक ऑफिसचा, शुद्ध, इस्त्री केलेला: "कृपया लाईनवर राहा." दुसरा घरचा वऱ्हाडी. कोणाशी कुठल्या आवाजात बोलायचं हे त्या ठरवायच्या, आणि आवाज बदलला की समोरच्याने समजून घ्यायचं. एक प्रश्न मात्र दोन्ही आवाजांत सारखाच यायचा. "दोन्हीकडून आयकू येते का?" एक्स्चेंजमध्ये त्यांनी हाच प्रश्न दिवसभर विचारला होता. एकाला ऐकू येतं आणि दुसऱ्याला नाही, अशा लाईनला त्या 'एकतर्फी' म्हणायच्या. असा कॉल लागला असं त्या कधी मानत नसत.

आमची खराद गल्ली जुन्या अमरावतीत आहे. खराद म्हणजे लेथ. लेथवाले, वेल्डिंगवाले, जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरणारे, पितळ ओतणारे, असे आम्ही दोन्ही बाजूंनी दाटीने बसलेले. गल्लीची एक रीत आहे. चुकून दुसऱ्याच कामाचं गिऱ्हाईक दारात आलं, तर त्याला "इथं होत नाही" म्हणून परत पाठवायचं नाही. हातातलं काम ठेवून त्याला योग्य दुकानापर्यंत पोचवायचं. चांदूर बाजारचा शेतकरी तुटलेला दांडा घेऊन सकाळी येतो आणि चार दुकानांतून फिरून दुपारी दुरुस्त दांडा घेऊन एसटीत बसतो. मी वलगावहून इथे एक जुना हातप्रेस घेऊन आलो होतो. बाप जमिनीत राबला, मी पत्र्यात राबलो. फवारणी पंपाचे पट्टे, क्लिपा, वायसर, असे सुटे भाग मी काढतो. हातप्रेसचा पुढे पॉवर प्रेस झाला. तो पत्र्यावर पडला की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं. ती समोरची भिंत इंगोलेबाईंची.

त्यांची मागणी एकच होती. दुपारी दोन ते चार प्रेस बंद ठेवा.

"मी काय बँक आहे का बाई, दुपारी शटर पाडाले?"

"बँक तं चालूच असते दुपारी. तुमी पाडा."

घासाघीस हा माझा धंदाच आहे. भंगारवाले मला पाहून आधीच चेहरा पाडून ठेवतात. मी अर्ध्या तासापासून सुरुवात केली. बाई दोन तासांवरून हलेनात. मी विचारलं, बाई, झोप मोडते का? त्या म्हणाल्या, ते तुमाले काय करायचं? शेवटी एक तासावर सौदा पटला: दोन ते तीन. मला वाटलं मी जिंकलो. पुढे फवारणीचे दिवस आले, दारात पंपवाल्यांची रांग लागली, आणि मी दुपारी प्रेस चालू ठेवला. फोन आला. मी उचलला नाही. पुन्हा आला. वर पाहिलं, तर बाई फोन कानाला लावून तशाच उभ्या होत्या. मी पाठ केली. रांग दारात असताना कोणता कारखानदार थांबेल?

तेव्हा बाईंनी शहराच्या ॲपवर तक्रार केली. शहर स्मार्ट करायची योजना नुकतीच आली होती आणि नागरिकांनी आपल्या अडचणी मोबाईलवरून कळवाव्यात, असे फलक चौकाचौकांत लागले होते. त्या ॲपमध्ये कचरा होता, खड्डे होते, बंद पडलेले दिवे होते. समोरच्या रामेश्वरने दोन तास गप्प बसावं, यासाठी रकाना नव्हता. आवाजाची तक्रार करायची तर 'निवासी भागातील औद्योगिक प्रदूषण' हेच दाबावं लागे. बाईंनी ते दाबलं. दर वेळी मी दुपारी प्रेस चालवला की दाबलं.

काही महिन्यांनी योजनेच्या लोकांनी सभागृहात बैठक बोलावली आणि पडद्यावर आमच्या गल्लीचं चित्र दाखवलं. चित्रात आमची गल्ली होती, पण आम्ही नव्हतो. फरशी, झाडं, बाकडी, कॉफीचं दुकान, फुगा घेतलेलं एक लेकरू. सगळे कारखाने शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत जाणार होते. कारण काय, तर 'नागरिकांची वारंवार मागणी'.

बाई माझ्यापासून दोन ओळी पुढे बसल्या होत्या. उठल्या आणि इस्त्रीच्या आवाजात विचारलं, "माझं घर कुठे आहे यात?"

साहेबांनी लाल ठिपका फिरवला. "हे तुमचं. बाल्कनीवर वेल दाखवला आहे, ताई."

"वेल दिसला. बाल्कनीत मी काहून नाही?"

लोक हसले. मी हसलो नाही. गल्लीतले सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांनाही कळलं होतं की ती वारंवार मागणी म्हणजे माझा प्रेस आणि समोरची बाई. बाहेर आल्यावर मोटारी भरणारा शेजारी मला तोंडावर म्हणाला, "तुझ्या एका मशीनपायी आमचे सगयाईचे शटर पडले." माझ्या कारखान्याच्या माळ्यावर बायका बसून पंपाच्या नोझलात वायसर बसवायच्या. त्यांतल्या रेहानाबी तेवढ्या घरी येऊन बोलल्या. "भाऊ, इतने दूर कैसे जाना? इधर तो नल आया तो पानी भर के वापस आ जाती, बच्चा स्कूल से आया तो खाना दे के आ जाती. उधर गए तो दिन गया. हमारा काम छूट गया समझो."

संतापात मी पहिल्यांदा बाईंचा जिना चढलो. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

"बाई, तुमी आमाले गावाबाहेर काढलं."

"म्या?" त्यांचा चेहरा खरोखरच उतरला. "म्या दोन घंटे शांतता मागतली भाऊ. तुमाले काढा, असं म्या कुठी म्हनलं? तुमी गेले तं म्या फोन कोनाले करू?"

त्यांनी माझ्यासमोरच हेल्पलाईनला फोन लावला. तक्रार मागे घ्यायची आहे, असं सांगायचं होतं. पलीकडे यंत्र बोलत होतं: यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. बाई मान कलती करून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग फोन ठेवून म्हणाल्या, "एकतर्फी हाय. ते बोलते, आयकत नाही." त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठी शिवी मी ऐकली नाही.

सुनावणीची तारीख लागली. बाईंनी गल्लीच्या बाजूने बोलायचं ठरवलं. मी संत्रा बर्फीचा पुडा घेऊन पुन्हा वर गेलो आणि समजावून सांगितलं: तुम्ही एकच वाक्य बोला, मला त्रास होत नाही. तक्रार करणारीच असं म्हणाली की त्यांची सगळी मागणी खाली बसली.

"ते नाही म्हननार. बाकी जे म्हना ते म्हनते."

"एकच तं वाक्य आहे बाई."

"तेच खोटं आहे नं पन."

मी बर्फी ठेवून खाली आलो. बाजारात पहिला शब्द सगळ्यांचा नाहीच असतो. आयत्या वेळी बोलतील, असं मी धरून चाललो.

सुनावणीला योजनेच्या एक अधिकारी मॅडम होत्या. वयाने तरुण, पण ऐकून घेणाऱ्या. बाई उभ्या राहिल्या आणि अशा काही बोलल्या की मी सगळा राग विसरलो. म्हणाल्या, "या गल्लीत माझा मिक्सर दुरुस्त होतो, माझ्या नळाला आटा पडतो, आणि मी दोन दिवस बाल्कनीत दिसले नाही तर चार माणसं जिना चढून येतात. तुमच्या चित्रातला कॉफीवाला येणार आहे का? मी शेजाऱ्याची तक्रार केली. शेजारी काढून टाका असं लिहिलं नाही. ज्याला काढायचं असतं, त्याची कोणी इतक्या वेळा तक्रार करतं का?"

मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि साधेपणाने विचारलं, "ताई, ते सगळं समजलं. पण त्या प्रेसचा तुम्हाला त्रास होतो का?"

मी बाईंकडे पाहिलं. बाईंनीही माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हळूच, नाही म्हणा म्हणून.

"होतो," बाई म्हणाल्या.

निकाल आला आणि गल्ली वाचली. लेथ राहिले, वेल्डिंग राहिलं, मोटारी राहिल्या, बायकांना माळ्यावर वायसर बसवायची परवानगी राहिली. गेला एकटा माझा प्रेस. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. माझ्याही हातात एक दिला. मी तो तिथेच ओट्यावर ठेवला आणि निघून आलो.

प्रेस ट्रकवर चढला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडायला वर गेलो. दार उघडंच होतं. बाई आतल्या खुर्चीत फोन कानाला घट्ट दाबून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी तळहात वर केला: थांबा. त्या फारसं बोलत नव्हत्या. पलीकडून जे येत होतं ते एकेक शब्द करून परत म्हणत होत्या. "भाजी... आणली... कोनं? ...शेवंतानं. बरं. ...उशी? ...उशी काय? ...उशी उंच होते. बरं, म्या सांगते तिले."

बऱ्याच वेळाने फोन ठेवला. मी उभाच होतो.

"अक्का," त्या म्हणाल्या. "माह्यी मोठी बहीन. अकोल्याले असते. अंगावरून वारं गेलं तेवापासून आवाज नाही तिले, नुसती हवा येते. तिची सून शेवंता दुपारी मोकळी होते, तवा फोन लावून देते. दोन ते चार."

राग मात्र गेला नाही. उलट वाढला. "हे मले पहिले काहून नाही सांगतलं? एका शब्दात प्रेस बंद ठेवला असता! घासाघीस कराले लावली मले, बहिणीच्या आवाजाची?"

"सांगतलं असतं तं तुमी बंद ठेवला असता, मालूम हाय मले. मंग ते तुमचे उपकार झाले असते. तुमचं मन असलं तं बंद, मन नसलं तं चालू. अन् तुमच्यानंतर दुसरा कोनी प्रेसवाला आला तं त्याले पुन्हा अक्का सांगू?" त्या उठून पाणी आणायला गेल्या आणि आतून म्हणाल्या, "मले दया नोयती पायजे भाऊ. कायदा पायजे होता. दोन घंट्याचा."

मी पाणी प्यालो आणि उतरलो. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला आजही सिद्ध करता येत नाही. पण माझी तक्रार तशीच आहे. जी बाई साऱ्या शहराला मोबाईलवरून कळवते, तिने समोरच्या माणसाला कारण सांगू नये?

औद्योगिक वसाहतीत मला जागा मोठी मिळाली. मागे मोकळं रान, पुढे रुंद रस्ता. प्रेस दिवसभर ठोकला तरी 'हं' म्हणायला कोणी नाही. सुटे भाग तिथे निघायचे आणि टेम्पोने गल्लीत यायचे, रेहानाबींच्या हाताखाली जोडले जायचे. एखादी क्लिप वाकडी निघाली, तर पूर्वी रेहानाबी माळ्यावरून ओरडायच्या आणि मी तिथल्या तिथे डाय, म्हणजे प्रेसचा साचा, नीट करायचो. आता ते वाकडेपण टेम्पोच्या खेपेनंतर कळायचं, आणि तोवर गोणी भरलेली असायची. गिऱ्हाईक पोचवून द्यायला शेजारी दुकान नाही. त्या टेम्पोत बसून मी पुष्कळ विचार केला. कारखाना एकीकडे, माणसं दुसरीकडे असं शहर नकाशावर नीटनेटकं दिसतं. पण वस्तू बनते ती माणसं एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात असली तर. आवाज तर होणारच. तो कमी करायची अक्कल लढवायची, की तो जिथे ऐकायला कोणी नाही तिथे नेऊन टाकायचा? आमच्यासाठी दुसरं ठरवलं गेलं होतं, कारण ते सोपं होतं.

इकडे बाई स्वस्थ नव्हत्या. प्रेस गेल्यावर ॲपवर त्यांना संदेश आला होता: आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. आपण समाधानी आहात का? बाईंनी 'असमाधानी' दाबलं. तक्रार पुन्हा उघडली. ऑफिसने बंद केली. बाईंनी पुन्हा 'असमाधानी' दाबलं. मला वसाहतीत फोन करून सांगायच्या, "रामेश्वरभाऊ, इंगोले बोलते. आजही असमाधानी." मी चिडून म्हणायचो, "आता काय राह्यलं? प्रेस तं गेला!" तर म्हणायच्या, "म्या दोन ते चार मागतलं होतं. यायनं चोवीस घंटे देले. मागतलं ते देल्लं नाही, तं समाधान कसं होईन?"

शेवटी त्या मॅडमच एका दुपारी गल्लीत आल्या. जिना चढल्या, बाल्कनीत बसल्या, चहा प्याल्या. हे मला रेहानाबींकडून कळलं; काय बोलणं झालं ते नाही. पण त्यानंतर काही महिन्यांनी गल्लीसाठी नवा नियम आला, आणि त्यात बाईंची बोटं स्पष्ट दिसत होती. गल्लीत कोणतंही यंत्र चालेल. मात्र आवाज कारखान्यात नाही, समोरच्या घरात मोजायचा. आणि दुपारी दोन ते चार सगळ्यांनी जड यंत्रं बंद ठेवायची.

मी त्याच आठवड्यात हायड्रॉलिक प्रेस पाहून आलो. तो ठोकत नाही, दाबतो. खाली खोल पाया घ्यायचा, रबराच्या जाड गाद्या घालायच्या, भिंतीला आतून अस्तर करायचं, असं सगळं ठरवलं आणि ताठ मानेने बाईंना फोन केला. समोर उभा राहून, गल्लीतूनच. त्या बाल्कनीत होत्या.

"बाई, रामेश्वर बोलतो. असा प्रेस आणतो की तुमचं कॅलेंडर हलनार नाही."

त्या वरून हसल्या. फोनमध्ये मात्र इस्त्रीचा आवाज आला. "आणा तर खरं. मी ऐकून सांगीन."

पाया खणायला घेतला तेव्हा बाई अक्काला भेटायला अकोल्याला गेल्या होत्या. तिथेच, बहिणीच्या घरी, झोपेत गेल्या. आम्ही गल्लीतले काही जण गेलो. सगळं आटोपल्यावर मी अक्कांच्या खाटेपाशी गेलो. त्यांचे ओठ हलले, ऐकू काहीच आलं नाही. मी गुडघ्यावर बसून कान त्यांच्या तोंडापाशी नेला.

"प्रेसवाले... तुमीच का?"

मी मान हलवली.

"मले आयकू याचा," त्या म्हणाल्या. "तिच्या मागं. धाड... धाड." आणि तेवढ्यातही किंचित हसल्या.

नव्या प्रेसच्या चाचणीला मॅडम आवाज मोजायचं मीटर घेऊन आल्या. बाईंच्या घराची किल्ली रेहानाबींकडे होती. मॅडम बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या, बाई उभ्या राहायच्या तिथेच. मी खाली पत्रा लावला आणि बटण दाबलं. एक क्लिप पडली, दुसरी पडली. नळ सोडल्यावर होतो तेवढा आवाज. गल्लीतले सगळे वर पाहत होते. माझा एक हात खिशातल्या फोनवर होता.

"पास आहे, रामेश्वरभाऊ!" मॅडम वरून म्हणाल्या. "अगदी आरामात पास आहे."

खाली टाळ्या वाजल्या. मी प्रेस बंद केला, बाहेर गल्लीत आलो.

"मॅडम, मीटर राहू द्या," मी म्हणालो. "त्रास होतो का, ते विचारा."

त्यांनी मागे वळून रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

"कोणाला विचारू?"

दोन वाजायला आले होते. मी आत जाऊन शटर अर्धं ओढून घेतलं.